पैसे कापले, अंक नाही: कार्ड पेमेंट जोडताना काय करावे, काय टाळावे

एका प्रकाशकांच्या दिवाळी अंकाची ऑनलाइन नोंदणी मी काही वर्षं सांभाळली. पेमेंट जोडायचं काम एका दुपारी उरकलं होतं. गेटवेचा नमुना कोड उचलला, कीज भरल्या, चाचणीचं कार्ड चालवलं, हिरवी खूण दिसली, चहा प्यायलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला प्रकाशकांचा फोन आला. "अहो, कोल्हापूरच्या एक बाई आहेत लाइनवर. कार्डातून पैसे गेलेत म्हणतात आणि आपल्याकडे त्यांचं नावच नाही."

पैसे मिळाले का, या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ यांखेरीज ‘अजून माहीत नाही’ असं तिसरं उत्तर असतं, हे मला त्या सकाळी कळलं. खालची यादी बरीचशी त्या तिसऱ्या उत्तराची आहे. सुरुवातीचे काही नियम त्याहून जुने आणि कडक आहेत. ते मोडले, तर पुढचं वाचायची वेळच येणार नाही.

कार्डाचे आकडे

टाळा: आपण बनवलेला कार्डाचा फॉर्म. क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही गेटवेच्या पानावर किंवा गेटवेने दिलेल्या चौकटीतच भरू द्या. आकडे आपल्या सर्व्हरवरून नुसते पुढे गेले, साठवले नाहीत, तरी पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाची बाराच्या बारा कलमं आपल्या गळ्यात पडतात. सगळं गेटवेवर सोपवलं की छोट्या प्रश्नावलीवर भागतं.

टाळा: ‘पुढच्या वेळी सोपं जाईल’ म्हणून क्रमांक जपून ठेवणं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांच्यासारखी नेटवर्क्स सोडून कुणालाच तो ठेवता येत नाही. गेटवेलाही नाही. आपल्या वाट्याला शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव, तेही हिशेब जुळवण्यापुरतं.

करा: कार्ड लक्षात ठेवायचंच असेल, तर ग्राहकाला विचारून टोकन घ्या. टोकन त्या कार्डाचं आणि त्या दुकानापुरतं असतं. चोरीला गेलं तरी दुसरीकडे चालत नाही.

टाळा: सीव्हीव्ही कुठेही ठेवणं. एन्क्रिप्ट करूनही नाही.

करा: आपले लॉग स्वतः उघडून वाचा. ब्रिटिश एअरवेजचं २०१८ सालचं प्रकरण या धंद्यात सगळे सांगतात, पण अर्धंच. त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला मिळून दोन आठवडे त्यांच्या पेमेंटच्या पानावर चोरांनी घुसवलेल्या बावीस ओळी चालू होत्या. ग्राहक कार्ड भरत होता, तिकिटं नीट निघत होती आणि आकड्यांची एक प्रत दिसायला कंपनीच्याच वाटणाऱ्या भलत्या पत्त्यावर जात होती. चौकशीत दुसरी गोष्टही निघाली. चाचणीसाठी म्हणून २०१५मध्ये चालू केलेलं लॉगिंग बंद करायचं राहून गेलं होतं आणि लाखावर कार्डांचा तपशील, बहुतेकांचा सीव्हीव्हीसकट, साध्या मजकुरात फायलींमध्ये पडून होता. ऑक्टोबर २०२०मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. चोर येईल न येईल. लॉगची विसरलेली ओळ मात्र घरातल्याच कुणीतरी लिहिलेली असते.

टाळा: पेमेंटच्या पानावर चॅटची खिडकी, जाहिरातीचा पिक्सेल आणि सणासुदीला उडणारे आकाशकंदील. बाहेरून येणारी प्रत्येक स्क्रिप्ट हे पान वाचू शकते. पीसीआय डीएसएसच्या चौथ्या आवृत्तीने पेमेंटच्या पानावरच्या स्क्रिप्टचा हिशेब मागायला सुरुवात केली आणि ३१ मार्च २०२५ पासून ते कलम लागूही झालं. मार्केटिंगवाले आग्रह धरतील. त्यांना आभाराचं पान द्या, तिथे हवे तेवढे कंदील लावू देत.

रक्कम

करा: रक्कम पैशांत ठेवा, रुपयांत नको. ₹५०० म्हणजे ५००००, पूर्णांक. बहुतेक गेटवे तशीच मागतात. दशांशाच्या भरवशावर राहिलात, तर जावास्क्रिप्टमध्ये ४.३५ गुणिले १०० याचं उत्तर ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं आणि पुढे कुणी ते खाली उतरवलं की एक पैसा हरवतो. त्या एका पैशापायी मार्चमध्ये अकाउंटंटबाई तुम्हाला दोन तास समोर बसवून ठेवतात. (अनुभव.) परदेशी चलन घेणार असाल, तर ‘गुणिले शंभर’ सगळीकडे लावू नका. जपानी येनला लहान नाणं नाही आणि कुवैती दिनारचे हजार फिल्स होतात.

टाळा: स्वल्पविरामासकट आलेला मजकूर थेट आकड्यात बदलणं. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट ‘1,250’ लिहिलेलं वाचायला लागतं, स्वल्पविरामाशी थांबतं आणि उत्तर देतं एक. बाराशे पन्नासचा संच रुपयाला गेला तरी कुठे तक्रार उमटत नाही. मराठी साइटवर आणखी एक गंमत होते. लोक देणगीच्या रकान्यात देवनागरी आकडे लिहितात. पायथनला ते समजतात, जावास्क्रिप्टला समजत नाहीत, त्यामुळे एकच फॉर्म पुढे अडतो आणि मागे चालतो. दोन्हीकडे आधी एकाच लिपीत आणा, मग तपासा.

टाळा: ब्राउझरने सांगितलेली किंमत मानणं. ब्राउझरने फक्त ‘हा अंक, इतक्या प्रती’ एवढं सांगावं. बेरीज, सवलत आणि टपालखर्च सर्व्हरवर. लपवलेल्या रकान्यातले ५०० खोडून १ लिहायला कॉलेजातल्या पोराला अर्धं मिनिट लागतं.

बँकेच्या पानावरून परत

करा: ग्राहक पैसे भरायला जाण्याआधी ऑर्डर आपल्या डेटाबेसमध्ये लिहा. आपला क्रमांक, गेटवेने दिलेला ऑर्डर क्रमांक, रक्कम, स्थिती ‘पेंडिंग’. माझी चूक इथेच होती. मी ऑर्डर लिहीत होतो ती ग्राहक परत आल्यावर. कोल्हापूरच्या बाईंनी ओटीपी भरून बटण दाबलं आणि तेवढ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. बोलून होईपर्यंत फोनने मागचा ब्राउझर मिटवून टाकला होता. बँकेने पैसे कापले, गेटवेला ते मिळाले, पण माझ्या पानावर कुणी परत आलंच नाही. माझ्या लेखी त्या बाई साइटवर आल्याच नव्हत्या.

टाळा: ‘यशस्वी’ पान उघडलं म्हणजे पैसे आले असं समजणं. त्या पानाचा पत्ता कुणीही हाताने टाइप करू शकतो. ग्राहकाबरोबर गेटवे एक सही पाठवतो. आपल्याजवळच्या सीक्रेटने तीच सही सर्व्हरवर पुन्हा काढा आणि जुळली तरच पुढे जा. सीक्रेट ब्राउझरमधल्या कोडमध्ये कधीही नको.

टाळा: परतलेल्या ग्राहकाला फक्त कुकीवरून ओळखणं. बँकेकडून किंवा गेटवेकडून परतीचा प्रवास पुष्कळदा पोस्ट विनंतीने होतो आणि फेब्रुवारी २०२०मध्ये आलेल्या ८०व्या आवृत्तीपासून क्रोम, ‘सेमसाइट’ न लिहिलेली कुकी अशा विनंतीबरोबर पाठवत नाही. त्यात दोन मिनिटांच्या आतल्या ताज्या कुकीला तो सूट देतो. म्हणून ऑफिसात लॉगिन करून भराभर चाचणी करणाऱ्याचं सगळं चालतं आणि अर्धा तास अंक चाळत बसलेला ग्राहक पैसे भरून परततो तो लॉगिनच्या पानावर. हा बग शोधायला आम्हाला एक अख्खा आठवडा लागला. परतीच्या वाटेवर ऑर्डर क्रमांक आणि सही पुरेशी आहे, लॉगिन तिथे मागूच नका.

टाळा: पानावर ‘आता मोबाइलवर ओटीपी येईल’ असं लिहिणं. भारतातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खातरजमा १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची आहे, पण ती एसएमएसनेच व्हावी असं नाही. रिझर्व्ह बँकेचे २०२५चे नवे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू होताना इतर मार्गांनाही मोकळीक देतात. परदेशी बँकेच्या कार्डाला तर पुष्कळदा ओटीपी विचारलाच जात नाही. न्यू जर्सीतले आमचे एक वर्गणीदार ‘ओटीपी आला नाही, पैसे पोचले का?’ असं दर दिवाळीला विचारायचे. पोचलेले असायचे. ‘तुमची बँक खातरजमा करून घेईल’ एवढं वाक्य सगळ्यांना पुरतं. आणि परदेशी कार्डं घ्यायची सोय गेटवेकडून वेगळी चालू करून घ्यावी लागते. ते ऑक्टोबरात आठवून उपयोग नाही.

वेबहुक, म्हणजे गेटवेचा निरोप

करा: खरा निरोप हाच माना. ग्राहकाचा ब्राउझर मिटो, रेंज जावो, गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला परस्पर कळवतो. कोल्हापूरच्या बाईंचा निरोपही आला होता. मी तो ऐकायची सोयच केली नव्हती.

करा: निरोपाची सही आलेल्या मूळ मजकुरावर तपासा. फ्रेमवर्कने आधी जेसन उलगडलं आणि आपण ते पुन्हा जोडलं, की एखादी जागा इकडची तिकडे होते आणि खरी सही खोटी ठरते.

करा: तोच निरोप दोनदा येणार असं धरूनच चाला. उत्तर उशिरा गेलं की गेटवे पुन्हा पाठवतो. निरोपाच्या क्रमांकावर डेटाबेसमध्ये ‘एकमेव’ची अट घाला, म्हणजे दुसरा आपोआप आपटेल. आमच्याकडे ही अट नव्हती तेव्हा एका वाचकाला दोन अंक गेले. त्यांनी प्रामाणिकपणे एक परत पाठवला, टपालखर्च स्वतः करून.

टाळा: निरोप क्रमाने येतील ही आशा. ‘कॅप्चर झालं’ आधी आणि ‘मंजूर झालं’ मागून येऊ शकतं. स्थिती पुढे जाऊ द्या, मागे नको.

टाळा: वेबहुकमध्ये बसून पावतीची पीडीएफ बनवणं, ईमेल पाठवणं, साठा मोजणं. निरोप लिहून घ्या, २०० म्हणा, बाकीचं मागून रांगेने.

करा: तरीही दर पंधरा-वीस मिनिटांनी पेंडिंग ऑर्डरींची यादी काढून गेटवेला आपणहून विचारा. निरोप आला तेव्हा आपलाच सर्व्हर झोपलेला असू शकतो.

करा: स्थितीचा रकाना ‘भरले / नाही भरले’ असा दोन तोंडांचा नको, सगळ्या अवस्थांचा ठेवा. ऑर्डर झाली, बँकेने मंजूर केले, कॅप्चर झाले, फसले, परत केले, काही परत केले, आणि ‘माहीत नाही’. यातल्या ‘मंजूर’ आणि ‘कॅप्चर’मध्ये बरेच नवखे अडखळतात. मंजूर म्हणजे बँकेने रक्कम बाजूला काढून ठेवली. कॅप्चर केल्यावर ती आपल्याकडे यायला निघते. ठरलेल्या मुदतीत कॅप्चर केलं नाही तर ती ग्राहकाकडे परत जाते आणि अंक पाठवून बसलेले आपण हात चोळतो. आपोआप कॅप्चरची सोय आहे का आणि ती आपल्या खात्यात चालू आहे का, हे पहिल्या दिवशी बघा.

करा: उशिराच्या मंजुरीचं आधी ठरवा. ‘पैसे भरता आले नाहीत’ असं आपण सांगून बसतो आणि दहा मिनिटांनी बँक म्हणते, मंजूर. मधल्या वेळात ग्राहकाने दुसऱ्या कार्डाने पैसे भरलेले असतात. एका ऑर्डरला दोन पेमेंट्स आली की मागचं आपोआप परत जाईल, असं लिहून टाका. फोन येण्याची वाट बघू नका.

टाळा: ‘टाइमआउट म्हणजे फसलं’. टाइमआउट म्हणजे आपल्याला ऐकू आलं नाही, एवढंच. पुन्हा विनंती पाठवायचीच तर आयडेम्पोटन्सी की तीच ठेवून पाठवा, म्हणजे गेटवे दुसऱ्यांदा पैसे कापणार नाही. बटण एकदा दाबल्यावर फिकं करणं चांगलंच, पण लोक पान ताजं करतात, दुसरा टॅब उघडतात आणि शेजारच्या मुलाला बोलावून त्याच्या फोनवरूनही भरून बघतात.

ग्राहकाशी बोलणं

टाळा: लाल अक्षरांत ‘व्यवहार अयशस्वी’. ज्याच्या बँकेचा पैसे कापल्याचा एसएमएस आधीच आलाय, त्याच्यासाठी हे खोटं आहे.

करा: असं काहीतरी लिहा. ‘बँकेकडून अजून उत्तर आलेलं नाही. कृपया आत्ता पुन्हा पैसे भरू नका. तुमचा ऑर्डर क्रमांक हा. तासाभरात आम्ही ईमेलने कळवतो.’ आणि मग खरंच कळवा.

करा: पैसे कापले पण दुकानाला पक्की खबर मिळाली नाही, अशा ऑनलाइन कार्ड व्यवहारात रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाने व्यवहारापासून पाच दिवसांत पैसे आपोआप परत जायची मुदत घातली आहे. पुढे दर दिवशी ₹१०० भरपाई. हे मदतीच्या पानावर साध्या मराठीत असू द्या. ‘२४ तासांत परत’ असा उत्साही शब्द आपण देऊ नये. पैसे आपल्या हातात नसतात.

करा: कार्ड नाकारलं गेलं तर एक शक्यता नक्की सुचवा. मार्च २०२०पासून नवं कार्ड हाती येतं तेव्हा त्यावर ऑनलाइन व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. ‘कार्ड नवीन आहे का?’ हा एक प्रश्न अर्धे फोन वाचवतो.

टाळा: ‘कार्ड क्रमांक सोळा आकडी असावा’ असली तपासणी. अमेरिकन एक्स्प्रेसचा पंधरा आकडी असतो आणि त्याचा गुप्त आकडा चार आकडी, तोही पुढच्या बाजूला.

वर्गणी, परतावा, हिशेब

करा: दरवर्षी आपोआप कापायच्या वर्गणीला ई-मँडेट घ्या. नोंद करताना ग्राहकाची पूर्ण खातरजमा, पुढे ₹१५,००० पर्यंत दर वेळी ओटीपी नाही, पण कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेची सूचना जायलाच हवी. म्हणजे ‘आज तारीख आहे, आज कापा’ असा जॉब चालणार नाही. १ ऑक्टोबर २०२१ला हे नियम पुरते लागू झाले तेव्हा तयारीत नसलेल्यांच्या वर्गण्या एका झटक्यात थांबल्या.

टाळा: ‘माझ्या यूपीआयवरच परत पाठवा ना’ हे ऐकणं. ज्या कार्डाने आले त्याच कार्डावर परत. नियमाचा रोखही तोच आहे आणि त्यामागे शहाणपण आहे. चोरीच्या कार्डाने भरायचं आणि रोखीत परत मागायचं, ही जुनी युक्ती आहे.

करा: ‘परत केले’ आणि ‘परत पोचले’ वेगळं ठेवा.

करा: बँकेत आलेली रक्कम विक्रीशी जुळणार नाही, हे प्रकाशकांना आधीच सांगा. गेटवे आपलं शुल्क आणि त्या शुल्कावर लागत असेल तो जीएसटी कापून दोन-तीन दिवसांचे पैसे एकगठ्ठा पाठवतो. एकूण, शुल्क, कर आणि निव्वळ असे चार रकाने ठेवा आणि गेटवेच्या यादीशी रोज जुळवा. महिन्याने जुळवायला बसलात तर कोणते पाचशे कुणाचे, हे देवालाच माहीत.

करा: वेळ यूटीसीत साठवा, पण पावतीवर भारतीय वेळ छापा. १ एप्रिलला पहाटे तीन वाजता भरलेले पैसे यूटीसीत ३१ मार्चचे असतात. देणगीची पावती गेल्या आर्थिक वर्षात जाऊन पडते आणि मग करसवलतीवरून भांडण.

करा: अंक पाठवल्याची टपालाची पावती ऑर्डरीला जोडून ठेवा. चार महिन्यांनी चार्जबॅक (ग्राहकाने बँकेमार्फत पैसे परत मागणं) आला की तेवढाच पुरावा असतो.

चोर आणि किल्ल्या

टाळा: ‘स्वेच्छेने कितीही’ असा उघडा देणगीचा रकाना. चोरलेली कार्डं जिवंत आहेत का हे बघायला टोळ्या असेच फॉर्म शोधतात, आणि रात्री दोन ते चार या वेळात एक-एक रुपयाची शेकडो पेमेंट्स येऊन पडतात. किमान रक्कम ठेवा, एका आयपी पत्त्यावरून किती प्रयत्न चालतील याला मर्यादा घाला, कॅप्चा लावा. आपला धंदा एका रुपयानेही वाढत नाही, पण गेटवे आपलं खातं गोठवू शकतो.

टाळा: लाइव्ह सीक्रेट गिटमध्ये. एकदा गेला तर नुसता खोडून भागत नाही. नवा काढा आणि जुना रद्द करा.

करा: लाइव्ह झाल्यावर स्वतःच्या कार्डाने खरे पैसे भरा, मग परत करा. नंतर फोनवरून पुन्हा भरा आणि ओटीपी दिल्यावर मुद्दाम ब्राउझर मिटवा. अंक मिळतो का बघा.

टाळा: नवरात्रात डिप्लॉय.

करा: बँकेच्या स्टेटमेंटवर आपलं नाव काय दिसतं ते बघा. अंकाचं नाव एक, प्रकाशन संस्थेची नोंदणी वेगळ्या नावाने, आणि गेटवेने त्या नावाची पहिली काही अक्षरं तेवढी छापलेली. नाशिकच्या एका काकांनी अंक वाचला, आवडल्याचं पत्र पाठवलं आणि त्याच आठवड्यात ‘हे कोण, मी यांना पैसे दिलेले नाहीत’ म्हणून बँकेत तक्रार केली. पत्र आणि चार्जबॅक प्रकाशकांच्या टेबलावर एकाच दिवशी आले.